रोजची एक चूक

लिंबाजी गुरुजी निवृत्त झाले त्या दिवशी उंबरदऱ्याच्या लोकांनी त्यांना शाल, हार आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ज्या माणसाला उद्यापासून कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ कशासाठी द्यायचं, हे कोडं काही मला सुटलेलं नाही, पण रीत आहे म्हणून सगळीकडे तेच देतात. गुरुजींनी घरी येऊन ते खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी त्यात पावणेचार वाजलेले दिसले तसे ते उठले, चपला घातल्या आणि शाळेकडे निघाले.

चार वाजता शाळेत परवचा असायचा. शाळा सुटायच्या आधी चारी वर्गांची पोरं एकत्र बसून मोठ्यानं पाढे म्हणायची, तो परवचा. गुरुजींनी तो तीस-बत्तीस वर्षं घेतला होता. नोकरी संपली म्हणजे परवचाही संपला असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांच्या जागी आलेल्या शिवकांताबाई उदगीरच्या, डी.एड. झालेल्या, जेमतेम चोवीस वर्षांच्या. एकटीनं चार वर्ग सांभाळता सांभाळता चार वाजेपर्यंत त्यांचा घसा बसायचा. म्हातारे गुरुजी दारात दिसले की त्यांना हायसं वाटायचं.

गुरुजींना त्याहून जास्त वाटायचं. त्यांची बायको नागुबाई दोन वर्षांमागं गेली होती. मुलगा निवृत्ती नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात. घरात गुरुजी एकटे. सकाळी स्वतःच भाकरी थापायची, दुपारी तीच खायची, आणि मधल्या वेळात बोलायला भिंत. कधी कधी चार वाजता परवच्याला तोंड उघडलं की आवाज फाटका निघायचा, तेव्हा त्यांच्या ध्यानात यायचं की आज सकाळपासून आपण एक शब्द बोललेलो नाही. तो अर्धा तास त्यांचा सगळा दिवस होता. बाकीचे तास त्याची वाट पाहण्यात जायचे.

त्यांच्या परवच्याची एक तऱ्हा होती आणि ती जिल्ह्यात दुसरीकडे कुठं नसावी. गुरुजी रोज एक चूक करायचे. मुद्दाम. बरोबर एक, दोन नाहीत. पाढा सांगता सांगता मध्येच एखादा आकडा खोटा सांगायचे आणि थांबायचे. पोरांनी तो धरायचा. 'गुर्जी, चुकलं' म्हणून पहिल्यांदा जो ओरडेल, त्यानं पुढचा पाढा सांगायचा आणि गुरुजींनी पोरांबरोबर तो मागून म्हणायचा. तिसरीतलं पोर मास्तराची चूक काढतंय नि मास्तर मान डोलावतोय, हे पाहून सुरुवातीला शिवकांताबाई चकितच झाल्या. त्यांच्या ट्रेनिंगमध्ये असलं काही नव्हतं.

गुरुजींचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. तिथं मास्तरांच्या फळ्यावरची चूक दाखवली म्हणून त्यांनी एकदा दोन्ही तळहातांवर छड्या खाल्ल्या होत्या. चूक मात्र फळ्यावर तशीच राहिली. तेव्हाच त्यांनी मनाशी धरलं होतं की आपण कधी मास्तर झालो तर असं करायचं नाही. पण ही रोजची चूक आली ती बहात्तरच्या दुष्काळात. तेव्हा गाव सगळं तलावाच्या कामावर खडी फोडायला, पोरंही आईबापांमागं तिकडंच. शाळेत चिमण्यासुद्धा उरल्या नव्हत्या. गुरुजींनी मग शाळाच उचलली आणि कामावरच्या बाभळीखाली नेली. पाटी नाही, खडू नाही, प्यायला पाणी नाही, तर तोंडीच चालायचं. सुकडी खाऊन पेंगुळलेली पोरं मान खाली घालून पोपटासारखी म्हणायची. एक दिवस गुरुजींनी त्यांना जागं करायला म्हणून खोटंच ठोकून दिलं, बारा साते ब्याऐंशी. एकही पोर हललं नाही. पलीकडे खडी फोडत बसलेल्या सरजाबाईनं हातोडा थांबवला नि म्हणाली, "गुर्जी, चौऱ्याऐंशी की." जन्मात शाळेचं तोंड न पाहिलेली बाई महिनाभर नुसतं ऐकून पाढे शिकली होती. खडीवाल्या बायकांचा सगळा मेळा हसला, पोरं जागी झाली, आणि गुरुजींना त्यांची विद्या सापडली.

त्याला आता चौदा वर्षं झाली होती. मधल्या काळात गाव जागच्या जागी राहून उस्मानाबाद जिल्ह्यातून नव्या लातूर जिल्ह्यात गेलं. शाळेवरच्या पाटीवरचं एक नाव पुसून दुसरं लिहिलं गेलं, नवा जिल्हा म्हणून साहेबांच्या जीपा जास्त येऊ लागल्या, आणि विहिरी होत्या तशाच कोरड्या राहिल्या. त्या साली तर माघातच आड आटले. टँकरचा भोंगा वाजला की अर्धी शाळा घागरी घेऊन पळायची. त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला सरपंच शेषेरावांनी शाळेला टेपरेकॉर्डर भेट दिला. तो त्यांनी भजनाला घेतला होता म्हणे, पण भजनी मंडळात भांडणं झाली आणि यंत्र शाळेच्या वाट्याला आलं.

आणि फेब्रुवारीत गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मुलाचं पत्र आलं की नांदेडला या, ऑपरेशन करून घेऊ, महिनाभर तरी राहावं लागेल. गुरुजींना डोळ्यापेक्षा परवच्याची काळजी. तेव्हा तोडगा शिवकांताबाईंनी काढला. म्हणाल्या, तुमचा आवाज भरून ठेवू, म्हणजे तुम्ही नसलात तरी पोरांना तुम्हीच सांगाल. गुरुजी लहान पोरासारखे खुलले. नांदेडात बसून उंबरदऱ्यात शिकवायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच प्रकार, पण त्यांना तो भलताच आवडला.

एका रविवारी बाई यंत्र घेऊन गुरुजींच्या घरी आल्या. नवे सेल घातले, कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबलं. गुरुजींनी नेहरू शर्टाची गुंडी लावली, जणू यंत्राला दिसणार होतं, आणि सुरू केलं. दोनपासून वीसपर्यंत. प्रत्येक ओळीनंतर पोरांच्या म्हणण्यापुरती जागा सोडत. सतराच्या पाढ्याला बाई पाणी प्यायला आत गेल्या होत्या. गुरुजींनी सवयीनं तिथं आजची चूक टाकली, सतरा नव्वे एकशे त्रेसष्ट, आणि पोरांना धरायला वेळ मिळावा म्हणून जरा जास्त थांबले. समोर रिकामी बाज होती. मग ते पुढं गेले. बाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. चूक आधीच सांगितली तर तिची गंमत काय राहिली? आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नांदेडचा महिना कसाबसा गेला. डोळ्याला हिरवी पट्टी, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये खाटेवर पडून राहायचं. मुलगा सून भली माणसं, कशाला कमी पडू दिलं नाही. नात पंचशीला पाचवीत होती. तिच्या बापानं तिला बोटाएवढ्या बटणांचं गणिताचं यंत्र आणून दिलं होतं. गुरुजींनी तिला एकोणतीसचा पाढा येतो का विचारलं तर तिनं बटणं दाबली नि सांगितलं, आजोबा, हे कधीच चुकत नाही. गुरुजी म्हणाले, मग तुला त्याच्याकडून काय शिकायला मिळतं? पोरीला प्रश्न कळला नाही. सुनेनं मात्र तो ऐकला, नि आजोबांना त्रास देऊ नको म्हणून पोरीला बाहेर पाठवलं. घरात चार माणसं होती तरी चार वाजले की गुरुजींना उंबरदऱ्याचीच आठवण यायची.

जाड भिंगांचा चष्मा लावून ते परतले ते मार्चच्या मध्याला. एस.टी.तून उतरले, पिशवी घरात टाकली आणि थेट शाळेत. वेळ बरोबर साधली होती. पण व्हरांड्यात पाऊल टाकायच्या आधीच त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला. 'चौदा एके चौदा.' मागून पोरांचा घोष. त्यांच्या जागेवर, त्यांच्याच खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवलेला होता.

पोरांनी 'गुर्जी आले, गुर्जी आले' केलं, पण जागची उठली नाहीत, कारण टेप चालू होता आणि बटण बंद करायची पाळी ज्याची होती तो डोळ्यांत तेल घालून बसला होता. पोरांनी त्या पाळ्यांवरून मारामाऱ्या केल्या होत्या. शिवकांताबाईंनी आनंदानं सांगितलं की महिनाभर एकही दिवस खाडा पडला नाही. मग आपुलकीनंच म्हणाल्या, "गुरुजी, आता उन्हाचं कशाला येता? तुमचा आवाज आहेच की इथं. डोळ्याला जपा."

गुरुजी 'हाव, बरं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? गरज सरो नि वैद्य मरो असं म्हणावं तर त्या पोरीच्या मनात पाप नव्हतं. म्हाताऱ्यावर दया करावी तशी तिनं ती केली होती. गुरुजी त्या दिवसापासून चार वाजता घराच्या ओट्यावर बसू लागले. वारा इकडचा असला की आवाज घरापर्यंत यायचा. आपला आवाज आपल्याला बोलावत नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली. रडू आलं नाही. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंच होतं.

पंधरवड्यानं विस्तार अधिकाऱ्यांची जीप आली. साहेबांना चार शाळा उरकायच्या होत्या, त्यामुळं शितावरून भाताची परीक्षा. चौथीला म्हणाले, सतराचा पाढा म्हणा. पोरं उभी राहिली आणि एका सुरात, छाती काढून म्हणाली. नव्वेला पोचली तशी सगळ्या वर्गानं दणकून सांगितलं, एकशे त्रेसष्ट. साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा एकशे त्रेसष्ट. एखादं पोर चुकणं साहेबांनी पाहिलं होतं, पण अख्खा वर्ग एकजुटीनं चुकताना पहिल्यांदाच पाहिला. चौकशी झाली, टेप वाजवून पाहिला गेला. साहेब वाईट माणूस नव्हते. वहीत काही लिहिलं नाही. जाता जाता एवढंच म्हणाले की म्हातारी माणसं आहेत, वय झालं की असं होतं, टेप बंद करा.

हे गावात पसरायला टँकर येण्याइतकाही वेळ लागला नाही. 'लिंबाजी मास्तरचं डोकं चळून राहिलं' असं पारावर कुणीतरी म्हणालं, आणि ज्यांना गुरुजींनीच सतरा नव्वे शिकवलं होतं ते माना हलवत बसले. गुरुजींच्या कानावर ते दुसऱ्या दिवशी आलं. ते जेवले नाहीत.

संध्याकाळी शिवकांताबाई टेपरेकॉर्डर घेऊन दारात. पोरीचा चेहरा उतरलेला. दोष माझा आहे, मी ऐकून घ्यायला हवं होतं, असं काहीबाही बोलू लागल्या. गुरुजींनी त्यांना बाजेवर बसवलं आणि सतरा नव्वे ही त्या रविवारची मुद्दामची चूक होती, हे समजावून सांगितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यांनी टेप लावायला सांगितला. सतरा नव्वे एकशे त्रेसष्ट, आणि त्यामागची ती लांब, मोकळी जागा.

"ऐका बाई. बाकीच्या ओळींमागं म्या एवढा थांबलो का? पोरांसाठी थांबलो हुतो."

बाईंना पटलं. मनापासून पटलं. त्यांचा चेहराच पालटला. उठता उठता म्हणाल्या, "गुरुजी, उद्या चारला या. तुम्हीच सांगा पोरांना. आणि रोज या. यंत्राच्या भरवशावर मी पुन्हा परवचा सोडणार नाही." यंत्र त्यांनी तिथंच ठेवलं, नीट भरायचं असलं तर भरा म्हणून.

गुरुजींचा अर्धा तास त्यांना परत मिळाला होता. किती महिन्यांनी त्यांनी चुलीवर कांदा भाजला, भाकरी चवीनं खाल्ली. दिवेलागणीला यंत्र पुढं ओढलं आणि आपलाच टेप सुरुवातीपासून ऐकू लागले. मजेत ऐकत होते. सतराची चूक आली तशी ते हसलेही. अठरा झाला. एकोणीस लागला. 'एकोणीस साते एकशे तेवीस,' आवाज म्हणाला, आणि नेहमीएवढाच थांबून पुढं गेला.

गुरुजींनी टेप मागं घेतला. पुन्हा लावला. एकशे तेवीस. हवे होते एकशे तेहतीस. ही चूक त्यांनी केलेली नव्हती. रोज एक म्हणजे एक, त्या रविवारची सतराला होऊन गेली होती. ही त्यांच्या नकळत तोंडातून निघाली होती, निघाली तेव्हा त्यांना कळली नव्हती, आणि दीड महिना पोरांनी ती गिरवली होती. आणखी कधी, किती वेळा असं झालं असेल? टेप नव्हता तेव्हाही झालं असेल का? पोरांनी 'गुर्जी, चुकलं' म्हटलं आणि आपण 'शाबास' म्हणालो, त्यातल्या किती चुका आपण मुद्दाम केल्या होत्या नि किती नकळत झाल्या होत्या? त्यांनी यंत्र बंद केलं. त्यांना भीती वाटली, साधी, उघडी भीती, आणि ती सांगायला नागुबाई नव्हती.

न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. उद्या जाऊन सतराचा उलगडा करायचा, टेप पुसून टाकायचा, झालं. गुरुजींनी हे मनात घोळवून पाहिलं, तुम्हाला खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते यंत्र काखेत घेऊन शाळेत गेले. आधी सतरा वाजवला आणि पोरांना विचारलं की अशी कशी तुम्ही माझी चूक सोडून दिली. एका पोराला वाटलं होतं, नवा जिल्हा झाला तसे पाढेही बदलले असतील. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग चौथीतली बसम्मा उभी राहिली. गवंड्याची पोर, बोलायला सडेतोड.

"आमाला कळलं हुतं गुर्जी. पयल्याच दिशी म्या वरडले, चुकलं म्हणून. पर तुम्ही शाबास म्हणलाच न्हाई, तसंच पुढं गेला. मग समदे म्हणत हुते तसंच म्या बी म्हणलं."

गुरुजींनी टेप पुढं सरकवला. मग म्हणाले की आणखी एक आहे, धरा. एकोणीसचा पाढा लावला. पहिल्या वेळी कुणाला सापडली नाही. दुसऱ्या वेळी बसम्मानंच हात वर केला, एकोणीस साते एकशे तेहतीस. पोरांनी टाळ्या पिटल्या. गुर्जींनी आपल्याला फसवायला दोन-दोन लपवल्या होत्या, असा एकच गलका झाला, आणि शिवकांताबाईसुद्धा कौतुकानं पाहू लागल्या.

"ही म्या लपवली नव्हती," गुरुजी म्हणाले. "ही चुकली."

पोरं खदखदून हसली. त्यांना ही गुर्जींची आणखी एक गंमत वाटली. चौदा वर्षं ज्यानं रोज खोटं चुकून दाखवलं, त्याची खरी चूक कोण खरी मानणार? गुरुजींनी पुन्हा सांगून पाहिलं, तशी पोरं आणखी हसली. एकट्या बाई हसायच्या थांबल्या.

पोरं घरी पांगल्यावर गुरुजींनी त्यांना सांगितलं की उद्यापासून परवचा बसम्मानं घ्यावा, तिचे पाढे पक्के आहेत. बाई म्हणाल्या, एवढ्या तेवढ्या चुकीचं काय घेऊन बसता, माणूस आहे, चुकायचंच. तुम्ही या.

"पोरांनी धरावं म्हणून चुकत हुतो बाई," गुरुजी म्हणाले. "आता ते धरत्याल नि म्या शाबास म्हणल. कोणची माझी, कोणची न्हाई, मलाच कळायचं न्हाई. पोरांस्नी असं फसवायचं न्हाई."

बाईंनी पुष्कळ सांगितलं. गुरुजी बघू म्हणाले, आणि ते येणार नाहीत हे दोघांनाही कळलं.

घरी येऊन त्यांनी दार लोटलं, बाजेवर बसले आणि एकोणीसचा पाढा मोठ्यानं म्हणायला लागले. एकोणीस सक एकशे चौदा. सातेला आले तसे थांबले. मग सावकाश म्हणाले, एकशे तेहतीस. बरोबर होतं. पण बरोबर आहे असं म्हणणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी पाढा पुन्हा पहिल्यापासून धरला.